बार्शीपलीकडचं परदेश

लातूरच्या माणसाने परदेशातून काही विकत आणलं, तर त्यावरचा कर कुठे भरायचा? आज याची उत्तरं ठरलेली आहेत. विमानाने आला तर मुंबई किंवा हैदराबादच्या विमानतळावर, टपालाने मागवलं तर मुंबईच्या विदेश डाकघरामार्फत, आणि कंटेनर असेल तर न्हावा शेवा बंदरात. शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर याहून सोपं होतं. बार्शीहून निघायचं, हद्द ओलांडायची, आणि पहिल्या नाक्यावर बैलगाडी थांबवायची.

लातूर, औसा, नांदेड, हदगाव, देगलूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तर बीदर जिल्ह्याचे तालुके होते. सोलापूर, बार्शी आणि मनमाड इंग्रजी मुलखात. तिकडची माणसं इकडच्या भागाला 'मोगलाई' म्हणायची, आणि मोगलाईतला व्यापारी बार्शीला निघाला की 'खालशात चाललोय' म्हणायचा. या दोन मुलखांमध्ये समुद्र नव्हता. बोली तीच, सोयरीक तीच, पंढरीची वाट तीच. तरीही मधे सीमा होती आणि सीमेवर निजाम सरकारचं करोडगिरी खातं होतं. या खात्याच्या वहीत सोलापूरचं लुगडं आणि मँचेस्टरचं कापड एकाच रकान्यात जायचं. दोन्ही बाहेरचे, म्हणून दोन्हींवर कर.

कराचा दर जुना होता. १८०२ मध्ये निजाम अली खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला, त्यात शेकडा पाचचा आकडा ठरला. मालाच्या किमतीवर पाच टक्के आणि तेही एकदाच. तहामागे कंपनीचा स्वार्थ उघड होता. आपला माल निजामाच्या मुलखात शिरताना जागोजागी अडवला जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण एकदा बसलेला आकडा लवकर हलत नाही. पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या भागातल्या व्यापाऱ्याच्या डोक्यात आयात म्हटलं की शेकडा पाच हाच साधारण हिशेब असायचा.

हिशेब पाच टक्क्यांचा असला तरी पैसे दोन प्रकारचे होते, आणि खरी गंमत तिथे सुरू व्हायची. सोलापुरात चालायचा कलदार रुपया, लातुरात हाली सिक्का. सरकारी भावाने शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदाराला सात हाली. समजा, लातूरच्या कापडवाल्याने सोलापुरात शंभर कलदारांचा माल उचलला. नाक्यावर त्याची किंमत हालीत मांडायची, आणि तिचे शेकडा पाच म्हणजे ५ रुपये १३ आणे ४ पै. आणे-पैच्या या हिशेबात एक पै चुकली तरी वहीचा मेळ बसायचा नाही. आज परदेशी मालाचं बिल डॉलरमध्ये असतं आणि सीमाशुल्क खातं ठराविक मुदतीने जाहीर करतं त्या विनिमय दराने त्याचे रुपये होतात. तुमच्या बँकेने कार्डावर कोणता दर लावला, याच्याशी कस्टमला कर्तव्य नाही. खातं तेव्हाही स्वतःच्याच दराने चालत होतं.

मँचेस्टरचं कापड लातूरला पोचेपर्यंत काय काय भरून यायचं, ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. गाठ आधी मुंबई बंदरात उतरायची. तिथे ब्रिटिश हिंदुस्थान सरकार सागरी जकात घ्यायचं. मग ती रेल्वेने कुर्डुवाडीला यायची आणि तिथून बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर चढायची. ही गाडी १८९७ ला बार्शीपर्यंत, १९०७ ला तडवळ्यापर्यंत आणि १९११ ला लातूरपर्यंत आली. निजामाच्या हद्दीत शिरताना त्याच कापडावर पुन्हा करोडगिरी. म्हणजे लातूरच्या गिऱ्हाइकाने एका धोतरामागे दोन सरकारांना कर दिला, आणि यातला मुंबईला भरलेला वाटा हैदराबादच्या तिजोरीत कधी आलाच नाही. ज्यांना स्वतःचं बंदर नव्हतं अशा सगळ्याच संस्थानांची ही तक्रार होती. माल आमची रयत वापरते, कर आमच्या रयतेच्या खिशातून जातो, मग उत्पन्न फक्त तुमचं का? बटलर समितीने १९२९ मध्ये संस्थानांबद्दलचा अहवाल दिला, तेव्हा हे गाऱ्हाणं तिच्यासमोरही होतं. संस्थानिकांच्या बाकी गाऱ्हाण्यांबद्दल मला फारशी कणव नाही, पण हे गाऱ्हाणं हिशेबाने खरं होतं.

करोडगिरी फक्त आत येणाऱ्या मालावर नव्हती. कापूस आणि तेलबिया बाहेर पाठवतानाही शुल्क लागायचं. बालाघाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून बार्शीला उतरायचा. बार्शीची पेठ उभी राहिली ती मुख्यतः मोगलाईतून येणाऱ्या या मालावर. हद्दीवर कर भरला तो अडत्याने किंवा व्यापाऱ्याने. पण बार्शीचा भाव मुंबईवर ठरलेला, त्यामुळे तो वाढवून मागायची सोय व्यापाऱ्याला नव्हती. मग त्याने शुल्काचे पैसे शेतकऱ्याला देण्याच्या भावातूनच वळते केले. नाक्यावर पैसे मोजणारा हात एकाचा आणि रिकामा होणारा खिसा दुसऱ्याचा, हा सीमाशुल्काचा स्वभाव आहे. हे प्रकरण वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तुरीपाशी आणि सोयाबीनपाशी तिची गरज पुन्हा पडेल.

नाक्यावरचं भांडण पाच टक्क्यांवरून कधीच होत नसे. भांडण असायचं ते पाच टक्के कशाचे, यावरून. व्यापारी बीजक पुढे करायचा, आणि समोरच्या कारकुनाला बाजारभाव तोंडपाठ. बीजकातला आकडा कमी वाटला की माल सोडायचा कसा, हा प्रश्न. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या की माहेराहून येताना नवं लुगडं घडी मोडून अंगावर नेसूनच यायचं. नेसलेलं लुगडं कपडा असतो, घडीचं लुगडं माल असतो. ही युक्ती किती वेळा चालली असेल कोण जाणे, पण तिच्यातलं तत्त्व आजच्या कायद्यातही जसंच्या तसं आहे. रोजच्या गरजेच्या, वापरातल्या वस्तूंवर शुल्क नाही. वापरातली आणि विकत आणलेली यांतली रेघ कुठे ओढायची, यावरच विमानतळावरचा अर्धा वाद चालतो.

१९४७ मध्ये या नाक्यांचा अर्थ बदलला. निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला, आणि 'स्वतंत्र हैदराबाद' म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला डोळ्यांनी दिसायचं ते करोडगिरीच्या नाक्यावरच. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जंगल सत्याग्रह झाले, धान्याची लेव्ही नाकारली गेली, आणि करोडगिरी नाके उद्ध्वस्त करणं हा लढ्याच्या सीमेवरच्या कॅम्पांचा एक ठरलेला कार्यक्रम झाला. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात उमरखेडला कॅम्प होता, बार्शीच्या बाजूलाही होते. सरकारविरुद्ध चीड असली की माणसं कचेरी सोडून आधी नाक्यावर का जातात, असा प्रश्न पडू शकतो. कचेरीत माणूस वर्षातून एकदा जातो, नाका त्याला दर बाजाराला आडवा येतो.

त्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलनाला आपल्या मुलखात मनाई केली आणि सोन्याचांदीची निर्यात बंद केली. उलट बाजूने भारत सरकारने संस्थानाकडे जाणाऱ्या मालाची कोंडी केली. बंदर नसलेल्या राज्याची खरी अडचण तेव्हा उघडी पडली. पोर्तुगिजांशी मार्मागोवा बंदराबद्दल बोलणी झाली ती याच अडचणीपोटी. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीची विमानं आणून बीदर आणि वरंगळला शस्त्रं उतरवली. परदेशी मालाची चोरटी आयात म्हणून पाहिलं, तर मराठवाड्याच्या शेजारात एवढी मोठी दुसरी क्वचितच झाली असेल. त्याचा फार उपयोग झाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. कराची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. १७ सप्टेंबर मुक्तिदिन खरा, पण दुसऱ्या दिवशी करोडगिरी गेली नाही. सीमेवरच्या शुल्कातून संस्थानाला मोठं उत्पन्न मिळत होतं, ते एका रात्रीत सोडलं तर राज्य चालवायचं कशावर, हा प्रश्न नव्या सरकारपुढेही होता. म्हणून राज्यघटनेत एक पळवाट ठेवली गेली. कलम ३०१ सांगतं की भारतभर व्यापार मोकळा राहील. त्याच भागात कलम ३०६ होतं. 'ब' वर्गातल्या राज्यांना, म्हणजे जुन्या संस्थानांना, केंद्राशी करार करून शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालावर आणखी काही वर्षं शुल्क घेण्याची मुभा त्याने दिली. दहा वर्षांच्या वर नाही, ही अट होती. दरम्यान १९५० मध्ये हैदराबादने सर्वसाधारण विक्रीकर कायदा केला. सीमेवर गोळा होणारा पैसा दुकानातून गोळा करायची ही तयारी होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३०६ काढून टाकलं, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सोलापूर आता परदेश राहिलं नाही. पुढे शहरांच्या वेशीवर नगरपालिकांची जकात, मग स्थानिक संस्था कर (एलबीटी) आणि २०१७ पासून जीएसटी अशी वळणं आली, पण ती वेगळ्या प्रकरणाची सामग्री आहे.

आता विमानतळावर येऊ. नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही धावपट्टी आहे, पण दुबई-जेद्दाहून येणाऱ्याला कस्टम पार करावं लागतं ते मुंबईला किंवा हैदराबादला. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला शमशाबाद सोयीचं पडतं. ज्या हैदराबादला पणजोबांचा कर जात होता तिथेच पणतू पुन्हा कर भरतो. फरक एवढाच की आता तो पैसा दिल्लीच्या खात्यात जातो.

कायदा १९६२ चा आहे, सीमाशुल्क अधिनियम. त्याचं कलम ७७ सांगतं की सामानात काय आहे ते सामानाच्या मालकाने स्वतःहून सांगायचं. हे 'स्वतःहून' महत्त्वाचं. हिरव्या पाटीखालून चालत गेलात याचा अर्थच तुम्ही 'माझ्याकडे शुल्क लागण्याजोगं काही नाही' असं निवेदन केलं. पुढे बॅगेत काही सापडलं तर 'मला कुणी विचारलंच नाही' हा बचाव चालत नाही. तांबड्या पाटीकडे जाऊन सांगणाऱ्याला शुल्क भरावं लागतं आणि तो बाहेर पडतो. हिरव्यातून जाऊन पकडल्या गेलेल्याला शुल्क भरावं लागतंच, वर दंड, आणि माल जप्त झाला तर तो सोडवायला आणखी रक्कम. लोक तांबड्या पाटीला घाबरतात. घाबरायला हवं ते हिरव्या पाटीला.

किती सामान मोकळं, याची मर्यादा बदलत आली आहे. २०१२ मध्ये ती २५ हजारांवरून ३५ हजार झाली, २०१४ मध्ये ४५ हजार, आणि २०१६ च्या बॅगेज नियमांनी ५० हजार. त्या नियमांत नेपाळ, भूतान, म्यानमारहून येणाऱ्याला १५ हजार होते. असे आकडे अर्थसंकल्पागणिक हलू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचा आकडा बघून घ्यावा. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही, ती एकदा नीट समजून घेतली की पुरे. २०१६ चे नियम आणि २०१८ मध्ये आलेला समाजकल्याण अधिभार धरून एक उदाहरण करू. उदगीरचा एक जण दुबईहून घरी येतो आहे. भावासाठी ९० हजारांचा नवा मोबाईल आणि घरासाठी ८ हजारांची अत्तरं घेतली आहेत. एकूण ९८ हजार, त्यातले ५० हजार मोकळे, उरले ४८ हजार. सामानावरचं मूळ शुल्क ३५ टक्के, त्या शुल्काच्या दहा टक्के अधिभार, मिळून ३८.५ टक्के. भरायचे १८,४८० रुपये.

बरोबर बायको असेल तर? याच नियमांनी तिचे ५० हजार वेगळे, पण ते याच्या मोबाईलला जोडता येत नाहीत. दोघांच्या सवलतींची बेरीज करून एक महागडी वस्तू सोडवून घेता येत नाही. आणि कडेवरच्या लेकराच्या नावाने तर फक्त त्याचे वापरातले कपडे-खेळणी सुटतात. काही वस्तू या सवलतीतच बसत नाहीत. शंभरावर सिगारेटी, दोन लिटरवर दारू, सोन्याची बिस्किटं. आणि सपाट पडद्याचा टीव्ही. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत टीव्ही सवलतीत धरला जाई, आणि बँकॉक-दुबईहून येणाऱ्या विमानात खोकीच खोकी दिसत. मग केंद्राने तो यादीतून काढला आणि खोक्यांची गर्दी ओसरली.

हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून येणारी शीख कुटुंबं नांदेडला बारा महिने दिसतात. परदेशी पासपोर्ट म्हणजे सवलत कमी, असा त्यांच्यातल्या अनेकांचा समज असतो. २०१६ च्या नियमांत भेद पासपोर्टवर नव्हता, मूळ कुठलं यावर होता. मूळ भारतीय असलेल्या पाहुण्याला ५० हजारच, मूळ परदेशी पर्यटकाला १५ हजार.

सोन्याचं प्रकरण वेगळं, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त डोकेदुखीचं. २०१६ च्या नियमांत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅमचे दागिने मोकळे होते, किंमत ५० हजारांपर्यंत. बाईला ४० ग्रॅम, एक लाखापर्यंत. नियम लिहिला गेला तेव्हा वजन आणि किंमत जवळपास जुळत होती, कारण २०१६ मध्ये दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये दहा ग्रॅम लाखापलीकडे गेलं. मग २० ग्रॅमची सवलत कागदावर तशीच राहिली, आणि किमतीच्या मर्यादेत बसणारं सोनं पाच ग्रॅमही उरलं नाही. कायद्यात रुपयांचा आकडा लिहून ठेवला की महागाई तो कुरतडत राहते, आणि कुणी काही न करता कर आपोआप वाढतो. मला हा प्रकार उघड करवाढीपेक्षा वाईट वाटतो.

सहा महिन्यांहून जास्त राहून येणाऱ्याला एक किलोपर्यंत सोनं शुल्क भरून आणता येतं, पण ते शुल्क परकीय चलनात भरायचं. दर किती? जानेवारी २०१२ मध्ये दोन टक्के, २०१३ च्या ऑगस्टपर्यंत दहा टक्के, जुलै २०२२ मध्ये पंधरा, आणि जुलै २०२४ मध्ये सहा. हा दर आणि चोरटं सोनं यांचं नातं सरळ आहे. शुल्क वाढलं की पोटात, चपलेत, इस्त्रीच्या यंत्रात सोनं सापडल्याच्या बातम्या वाढतात.

एक गोष्ट घराघरांत सांगायला हवी. मुलगा अमेरिकेत आहे, आई नातवाच्या बारशाला चालली आहे, हातात पाटल्या, गळ्यात मोहनमाळ. परत येताना हेच दागिने नवे आणलेत का, असा प्रश्न येऊ शकतो. जातानाच कस्टमच्या खिडकीवर दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. सराफाचं मूल्यांकन आणि फोटो जवळ असले की काम लवकर होतं. फार थोडे लोक हे करतात, कारण निघताना सगळ्यांचं लक्ष चिवडा-लाडवांचं वजन तेवीस किलोत बसवण्यात असतं.

आणि किंमत ठरवणार कोण? तोच जुना वाद. बिल असेल तर अधिकारी ते बघतो, पण ते खोटं वाटलं तर बाजूला ठेवू शकतो. कायद्याचं कलम १४ व्यवहारात खरोखर दिलेली किंमत धरायला सांगतं, आणि मूल्यांकनाचे नियम शंका घ्यायची मुभा देतात. बिल नसेल तर अधिकारी इंटरनेटवर त्या मॉडेलचा भाव काढतो, आणि सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतल्याचं तुम्ही कितीही सांगा, पुरावा तुमच्याकडे नसतो. दुकानातून बाहेर पडताना चुरगळून टाकलेला कागद इथे हजारो रुपयांचा असतो.

पार्सलचा मार्ग आणखी वेगळा. परदेशातून टपालाने येणारं पाकीट मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात उतरतं, तिथे शुल्क ठरतं, आणि लातूरच्या गल्लीत पोस्टमन पाकिटासोबत शुल्काची रक्कम मागतो. पोस्टमनने स्वतःसाठी मागितले असं समजून त्याच्याशी हुज्जत घालू नये. पूर्वी नातेवाइकाने पाठवलेली छोटी भेट विनाशुल्क सुटायची. परदेशी ऑनलाईन दुकानांनी विकलेला माल 'भेट' म्हणून पाठवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत बंद झाली. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र नाही, हेही सरकारने खुलासा करून सांगितलं. शुल्काची रक्कम शंभर रुपयांपर्यंतच होत असेल तर ती घेतच नाहीत, म्हणून भावाची राखी पोचते आणि राखीसोबतचं घड्याळ अडकतं. छापील पुस्तकांवरही २०१९ च्या अर्थसंकल्पापासून सीमाशुल्क आहे. दर किती, तर शेकडा पाच. १८०२ चा आकडा असा अवचित भेटला की मला उगाच हसू येतं.

पार्सलवरून आठवलं. 'तुमच्या नावाने लंडनहून भेट आली आहे, कस्टम भरा, नाहीतर अटक होईल' असा फोन आला, तर पैसे कुणाच्या खाजगी खात्यात वा यूपीआयवर भरायचे नाहीत. सीमाशुल्क खातं फोनवर शुल्क मागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या प्रत्येक अधिकृत पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे संकेतस्थळावर पडताळता येतं. क्रमांक मागावा आणि फोन ठेवावा, एवढ्याने बहुतेक भामटे गळतात.

आतापर्यंतचं सगळं वैयक्तिक सामानाचं झालं. लातूरचा दालमिलवाला परदेशी बनावटीचं डाळ निवडायचं यंत्र आणतो तेव्हा चित्र बदलतं. त्याला आयात-निर्यात क्रमांक लागतो, न्हावा शेव्यात क्लिअरिंग एजंट लागतो, आणि बिल ऑफ एंट्री भरावं लागतं. यंत्राची किंमत धरताना जहाजाचं भाडं आणि विमा त्यात मिळवतात. समजा ही एकूण किंमत दहा लाख, मूळ शुल्क साडेसात टक्के आणि जीएसटी अठरा टक्के आहे. मूळ शुल्क ७५ हजार, त्यावर दहा टक्के अधिभार साडेसात हजार. आता जीएसटी दहा लाखांवर नाही, १० लाख ८२ हजार ५०० वर लागतो, म्हणजे १ लाख ९४ हजार ८५०. कराच्या रकमेवर कर, असं म्हणून नवे उद्योजक चिडतात. पण जीएसटीचे पैसे पुढे आपल्या विक्रीवरच्या करातून वळते करता येतात. अडकून राहतात ते साडेब्याऐंशी हजार, मूळ शुल्क आणि अधिभाराचे.

तरीही लातूरच्या अर्थकारणाला सगळ्यात जास्त हलवणारं सीमाशुल्क लातूरचा कुणीच भरत नाही. ते तुरीवरचं आणि तेलावरचं. मे २०२१ मध्ये केंद्राने तुरीची आयात निर्बंधांतून काढून खुली केली. मोझांबिकशी २०१६ पासून करार आहे, म्यानमारशी नंतर झाला, आणि पुढे तुरीवरचं शुल्कही शून्यावर आणून ठेवलं गेलं. मोझांबिकच्या नाकाला बंदरातून जहाज निघालं की लातूरच्या आडतीवर भाव मऊ होतो. शुल्क शून्य असलं की कर कुणीच भरत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला डाळ त्यामुळे आवाक्यात राहते, हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण आयात डाळ स्वस्त पडते म्हणून आपल्या तुरीला कमी भाव मिळतो, तो फरक रेणापूर-चाकूरच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून गेलेला असतो. करोडगिरीच्या काळात निर्यात शुल्काने त्याच्या पणजोबाचा भाव कापला होता. इथे न घेतलेल्या शुल्काने त्याचा कापला.

सोयाबीनचं याच्या उलट घडायला हवं होतं. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झालेलं सोयाबीन बाजारात त्याच्या बरंच खाली विकलं जात होतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर वीस टक्के मूळ शुल्क बसलं, उपकर धरून साडेसत्तावीस टक्के. तेल महागलं, गणपतीनंतरच्या किराणा यादीत ते लगेच दिसलं. सोयाबीनच्या भावात मात्र तेवढा फरक उतरला नाही. सोयाबीनमध्ये तेल पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं, बाकी मुख्यतः पेंड, आणि आपल्या पेंडीला जगात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. तेलावरच्या शुल्काने पेंडीचा भाव उचलला जात नाही. मग पुढच्या वर्षी मे अखेर, पेरणीच्या तोंडावर, तेच मूळ शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आलं. तोवर लातूर-नांदेडमध्ये अनेकांचं सोयाबीनचं बी घरात येऊन पडलं होतं.